बायांसाठी आणलेली खाट

ता. ९, मंगळवार

चि. धाकटीस,

ताईचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तिकडेही असेल. अक्षर लावून वाच, पूर्वी वाचायचीस तसं.

आधी लाँड्रीची खबर. तू भांडून गेलीस त्यावर मी बोलत नाही, दोन वर्षं तूही बोललेली नाहीस. पण ज्यासाठी भांडलीस ते सगळं केलंय, तेवढं कळवते. इस्त्रीच्या टेबलापाशी उंच स्टुलं आणली. आजारपणाची रजा भरपगारी केली. मागच्या खोलीतली फुटकी पिंपं काढून तिथे खाट टाकली, पंखा लावला. कोणाला गरगरलं तर पडावं घटकाभर. तुला वाटेल ताईला उपरती झाली. तसलं काही नाही. हॉटेलांच्या चादरी वाढल्यात, बाया टिकल्या पाहिजेत.

मुकीला ओळखतेसच, तोंड कधी बंद नसतं म्हणून मुकी. परवा सगळ्यांसमोर म्हणते, "बाई, खाट आमच्यासाठी आणली की तुमच्यासाठी? आमचा नंबरच लागत नाही!" सगळ्या खिदळल्या. मी म्हटलं, "तू इस्त्री बघ, चादर जळतेय."

आता विमा. सगळ्या बायांचा दवाखान्याचा विमा काढायला घेतलाय. विमेवाला तपासणीला नर्स घेऊन आला, तर बाया दारातच अडल्या. एक म्हणे मला काही झालेलं नाही. दुसरी म्हणे सुई दिसली की मी पडते. शेवटी मुकीच बोलली, "नवीन मशीन आलं की पहिला हात मालकिणीचा, ही आपल्या लाँड्रीची रीत. मग बसा की!" बसले. काय करणार?

नर्सने डोळ्याखालची कातडी ओढून पाहिली. बोट टोचलं. मग म्हणाली, "अहो, अंगात रक्तच नाही, तुम्ही उभ्या कशा राहता?"

मी म्हटलं, "स्टूल आहे ना."

धाकटे, गेले कित्येक महिने माझी पाळी थांबतच नाही. वय झालं, जाता जाता छळणारच, असं धरून चालले होते. गडद कपडे घालायचे आणि कामाला लागायचं. नर्सने दवाखान्यात धाडलं, तिथे डॉक्टरीणबाईंनी मशीन लावून पाहिलं. पिशवीत गाठ आहे. पिशवी काढायची आणि गाठ तपासायला पाठवायची, कसली आहे ते नंतर कळेल म्हणाल्या. मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" तर खाली मान घालून लिहीत राहिल्या. असल्या माणसांचा मला रागच येतो. बोल ना बाई तोंडाने.

विमेवाला वर शहाणपणा शिकवतो, "हे आत्ता लिहू नका. विमा चालू होऊ दे, मग सापडलं म्हणा." मी म्हटलं, "आणि खोटं उघडं पडलं की माझ्यापायी सगळ्यांचं अडकवाल. आहे ते मुकाट लिहा." लिहिलं. म्हणजे बायांना विमा लागू आणि माझ्या या दुखण्याला नाही. हस हवं तर.

ऑपरेशननंतर महिना-दीड महिना मी उभी राहू शकणार नाही. लाँड्री बंद पडली तर बायांचा पगार बंद, विमाही बंद. मुकी म्हणते मी सांभाळते, पण ती बोलायला लागली की हॉटेलवाले चादरी घेऊन पळतील. त्यांना कसं धरायचं ते तुलाच जमतं. म्हणून लिहायला बसले.

असं लिहिलं खरं, पण ते अर्धंच. लाँड्री सांभाळायला शोधलं तर कोणीही मिळेल. मला भूल देणार आहेत. डोळे मिटून दुसऱ्याच्या हातात जायचं, हे मी कधी केलेलं नाही. भीती वाटते गं. जाग आल्यावर समोर तू हवीस. भांडलीस तरी चालेल.

सोमवारी भरती व्हायचंय. दवाखान्यातल्या खिडकीवरच्या बाईने विचारलं, "सोबत कोण?"

मी म्हटलं, "धाकटी बहीण."

"नक्की येणार ना?"

"तुम्ही नाव लिहा," म्हटलं.

तुला न विचारता तुझं नाव देऊन बसलेली,

ताई