भोंगामामाचा फोटो

रवि., ११ जाने.
चिऊ आज पुन्हा ताटावरून उठून पळाली. विहारासमोर भोंगामामा आला होता. गळ्यात स्पीकर, हातात डफडं, मागे वीसेक पोरं. चार वर्षांची ही पोरगी पाहुण्यांसमोर तोंड उघडत नाही. डॉक्टरांना दाखवायचं इथवर गोष्ट आली होती. त्याच्यासमोर मात्र आख्खं गाणं म्हणते, हातवाऱ्यांसकट. बरं वाटलं, आणि रागही आला.
त्यानं कोणाकडून काही घेतलं नाही. चहासुद्धा नाही. फुकट कोण गातं?

मंगळ., १३ जाने.
ह्यांना विचारलं, तो कुठला. कामरगावकडचा म्हणतात. म्हणतात म्हणजे? एवढ्या लांबून दर रविवारी आमच्या रिठदला, दुसऱ्यांच्या पोरांसाठी? हे हसले. ‘तुले कावीळ झाली हाय. सारं पिवळंच दिसते.’
असेल. ब्लाउज शिवून शिवून कापड उलटं करून पाहायची सवयच लागली आहे.

रवि., १८ जाने.
मुद्दाम गेले. गातो छान. गाण्यात एकेका पोराचं नाव घालतो, ज्याचं नाव येतं ते पोर नाचून नाचून लाल. संपल्यावर वहीत काही लिहीत होता. मागून डोकावले. ‘चिऊ. टाकीजवळ, हिरवं दार.’
आमचं दार याला कशाला हवं? तोंडावर विचारायचं धाडस झालं नाही. जाताना आमच्या घरासमोर थांबून चिऊला टाटा करत होता, तेवढ्यात मोबाइलवर फोटो काढला. बचत गटाच्या ग्रुपवर टाकला. ‘याला कोणी ओळखतं का? पोरांची नावं, घरं लिहून नेतो.’ एवढंच. यात खोटं काय आहे?

बुध., २१ जाने.
ताईचा वाशीमहून मेसेज. तोच फोटो. कोपऱ्यात दोरीवर चिऊचा पिवळा फ्रॉक, म्हणजे फोटो मी काढलेलाच. खाली लिहिलंय, पोरं पळवणारी टोळी, दिसला की धरा, सर्व ग्रुपवर पाठवा. ताई म्हणते, चिऊले सांभाळ. तिला सांगू शकले नाही.
ग्रुपवरचा काढून टाकला. गटाच्या अध्यक्ष नंदाबाई, त्यांच्याकडे गेले. म्हटलं, टोळीबिळी मी लिहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, मीबी नाही लिहिलं, मी फक्त माहेरी पाठवला. बाकीच्यांनीही माहेरीच. सोळा बायका, सोळा माहेरं.

रवि., २५ जाने.
आला नाही. चिऊ विहाराच्या ओट्यावर दीड तास बसली. हाक मारून येईना, उचलून आणली. जेवली, पण दिवसभर एक शब्द नाही.
मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. फोटो फिरला आणि गडी गायब. म्हणजे माझंच खरं होतं. असं वाटून हलकंही वाटलं. लाज वाटते, पण वाटलं ते लिहिते.

सोम., २६ जाने.
हे झेंडावंदनाहून बातमी घेऊन आले. काल इकडे येतानाच वाटेतल्या एका गावात लोकांनी त्याला धरलं. पोलीस पाटलानं खोलीत कोंडून कुलूप लावलं म्हणून वाचला. हात मोडलाय. चौकशीसाठी उद्या ठाण्यात बोलावलंय, ओळखणारं कोणी असेल तर यावं म्हणतात.
ह्यांच्या मोबाइलवरही तो फोटो आला होता. मोठा करून पाहिला. फ्रॉकपाशी बोट थांबलं. मग म्हणाले, ‘तू जाऊन सांग. मानूस चांगला हाय म्हणून.’
चांगला आहे हे मला कुठं माहीत? गातो चांगला, एवढं माहीत.

मंगळ., २७ जाने.
तिघंही गेलो, चिऊला कोणाजवळ ठेवणार. तो बाकावर होता, हात गळ्यात अडकवलेला. साहेबांनी वहीचं विचारलं. म्हणाला, गावोगावची लेकरं, नावं विसरतो, दार लक्षात राहिलं की लेकरू लक्षात राहते. पटण्यासारखं आहे. पूर्ण पटलं असं लिहिणार नाही.
चिऊ हात सोडवून त्याच्याकडे पळाली. तो पार भिंतीला जाऊन टेकला.
‘ताई, लेकराले धरा. माह्याजवळ येऊ देऊ नका. लोकं पाहून राह्यले.’
धरली. माझ्या हातातून ती तिथंच गायला लागली, त्याचंच गाणं, इतक्या परक्या माणसांसमोर. त्यानं मान वर केली नाही. मला रडू आलं.
साहेबांनी विचारलं, ओळखता का. म्हटलं, हो, पोरांना गाणी शिकवतो, वाईट काही पाहिलं नाही. सही केली. मग त्यांनी मोबाइल पुढे धरला. ‘आनि हा फोटो कोनाच्या दारातला?’
हे माझ्याकडे पाहत होते. तोही पाहत होता. मी म्हटलं, पोरगी उपाशी आहे, उद्या येऊन सांगते. साहेब बरं म्हणाले. चिऊचं गाणं अजून संपलं नव्हतं, तशीच उचलून बाहेर आणली.