दुसरा टेक नाही

४ नोव्हेंबर

आलो एकदाचा. घर गल्लीच्या टोकाला आहे. खाली कुलपांचं बंद पडलेलं दुकान, वर दोन खोल्या. रेकॉर्डिंगच्या खोलीत भिंतींना आणि दाराला अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, आत शिरलं की खुराड्यात आल्यासारखं वाटतं. मालकाला आमच्या मेटल संगीतवाल्यांच्या जगात सगळे ‘कारखाना’ म्हणतात. एकटा माणूस आणि दर आठवड्याला एक अल्बम, कधी दोन. ऐकणारे मूठभर, पण जीव टाकणारे. कॅसेटवर बँडचं नाव वाळक्या काट्याकुट्यांसारखं काढलेलं असतं. ते कुणालाच वाचता येत नाही, बहुतेक त्यालाही नाही. त्याची बोटं दुखतात म्हणून गिटार वाजवायला मला बोलावलंय. राहणं-खाणं फुकट.

ताई फोनवर म्हणाली, सहा वर्षांत तुझं एक गाणं पुरं होत नाही, तू तिथे जाऊन काय दिवे लावणार? खरंय. पण ते गाणं उरकायचं नाहीये. आई शिलाई मशिनवर बसली की एक चाल गुणगुणायची, तिच्यावर ते बांधतोय. आई गेली तेव्हा कळलं, तिचा आवाज कुणी कधी रेकॉर्डच केला नव्हता. आता ती चाल हीच आमची आई. लागू दे वेळ.

५ नोव्हेंबर

इथली पद्धत अजब आहे. सकाळी कुणी खोलीत शिरलं की रेकॉर्डिंगचं मशिन सुरू. सूर जुळवणं, खोकला, चुका, सगळं टेपवर. दुसरा टेक नाही. मी म्हटलं, बेसूर झालं, परत वाजवतो. तो म्हणाला, चांगलं-वाईट बघायला ऐकणारे आहेत, आपण काढत राहायचं. जेवायच्या आत अर्धा अल्बम उरकला. गाताना घसा फाटेस्तोवर ओरडायचं कामही माझ्याकडेच आलंय. दर्जाच्या नावानं बोंब आहे, पण हात मोकळा होतोय. मजा येते.

९ नोव्हेंबर

कालचा एक तुकडा खरंच झकास जमला होता. आज पुन्हा वाजवायला गेलो तर बोटं हलेनात. टेप लावली. वाजवणारा मीच, पण कसं वाजवलं ते काही केल्या कळेना. परवाचंही तसंच. कारखाना लेबलं चिकटवत होता, त्याला विचारलं. मान वर न करता म्हणाला, टेपवर गेलं ते आपल्यात राहत नाही, म्हणून तर रोज नवीन काढावं लागतं. मला हे माहीत असेल असं त्याला वाटलं होतं.

नशीब, आईची चाल मी इथे वाजवलेली नाही. उद्याच निघतो.

१० नोव्हेंबर

बस स्टॉपवर बॅग ठेवली आणि मनातल्या मनात चाल म्हणून पाहिली. सुरुवातच नाही. मधूनच सुरू होते. मग लक्षात आलं. रोज सकाळी तारा जुळवताना मी तीच गुणगुणतो, सवयीनं. आणि मशिन सुरू असतं.

परत आलो. टेप शोधायला. दुसरं काय करणार?

११ नोव्हेंबर

खोकीच खोकी. लेबलं वाचता येत नाहीत. एक टेप सापडली, माझंच गुणगुणणं. ऐकताना परक्याचं वाटतं, आणि बंद केली की निसटतं. कारखाना दारात उभा राहून बघत होता. तोही म्हणे पूर्वी वर्षानुवर्षं एकाच गाण्यावर बसला होता, बायकोसाठी. ते कुठल्या खोक्यात आहे त्याला माहीत नाही. बायको कशी होती तेही—

१२ नोव्हेंबर

ताईला चाल पाठ आहे. हे आधी कसं सुचलं नाही? टेप संपून मशिन बंद पडलं होतं, म्हणून रेकॉर्डिंगच्या खोलीतूनच फोन लावला, स्पीकरवर. ती आधी हसली, मग अख्खी चाल गुणगुणली. आई दातांनी दोरा तोडायला थांबायची, तिथे थांबूनसुद्धा. मी पोटभर रडलो.

मग वर पाहिलं. कारखान्यानं नवी टेप घातली होती. त्याच्या मनात काही नव्हतं, हात सवयीचे. मशिनचा दिवा लागलेला—

१३ नोव्हेंबर

रस्त्यावरून ताईला फोन केला. तिनं विचारलं, कुठली चाल? आई कधी गाण्याबिण्याच्या वाटेला गेली होती का?

माझ्याकडेही काही नाही. आई शिलाई मशिनवर बसलीय, ओठ हलतायत. आवाज नाही.

१५ नोव्हेंबर

दोन अल्बम काढले. भिकार. आणखी काढायचे. रिकामं बसवत नाही, बसलं की ते ओठ दिसतात.

ताई सारखी फोन करते. उचलत नाही. तिच्याकडे अजून पुष्कळ आहे. आईचं रागावणं. आमचं घर. आणि मी. तेवढं तरी तिच्यापाशी राहू दे.

१७ नोव्हेंबर

कारखान्याला गाण्यांसाठी शब्द कमी पडतायत.

माझा फोन रेकॉर्डिंगच्या खोलीत राहिला. वाजला. त्यानं उचलला. दार आतून लावलेलं, मशिन सुरू. बाहेरच्या खोलीतल्या स्पीकरवर मला सगळं ऐकू येतंय— अहो ताई म्हणतोय तिला— त्याला बरं नाही म्हणतोय, त्याच्या लहानपणाचं काहीतरी सांगा, त्याला बरं वाटेल—

दार बडवलं. आत आवाज जात नाही. ओरडायला गेलो. ओरडणं तर कधीच टेपवर गेलं.

ती सांगतेय. भरभरून. मी भिंतीवर रेघोट्या मारायचो ते. तिच्या ओढणीला धरून शाळेत जायचो— हसतेय—

थांबली.

कारखान्याला विचारतेय, आपण कोणाबद्दल बोल—