कागदावरची आई वारली

दि. १२ जून

सकाळी लेकीला घेऊन नोंदणी कार्यालयात गेलो. दुपारी वारलो. संध्याकाळी घरी येऊन दूध तापत ठेवलं.

ती. दादास धाकट्या भावाचा नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल. वहिनींचा गुडघा कसा आहे? (सहा वर्षांपूर्वी दुखत होता, मग विचारायचं राहूनच गेलं.) आम्ही दोघं ठीक. दोघं म्हणजे मी आणि लेक. ही फेब्रुवारीत गेली, ते कानावर आलं असेलच.

वारलो ते असं. लेकीला शाळेत घालायचंय, तर जन्माच्या दाखल्यावर हिचंही नाव यावं म्हणून अर्ज केला होता. लेकीला पोटात वाढवलं मी. (हिला मूल राहणार नाही असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मी माझी दाढी-आवाजाची, पुरुष होण्याची औषधं थांबवली. दाढीवाल्याला डोहाळे लागलेले बघून शेजारच्या काकूंनी आधी दार लावून घेतलं, मग लिंबं पाठवली.) घरात ही आई, मी बाबा. पण कायद्यानं ज्याच्या पोटी मूल जन्मतं ती आई. म्हणून दाखल्यावर आई मी, बापाची जागा रिकामी, आणि हिचं नाव कुठेच नाही.

खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "आईला घेऊन या." मागे रांग, आणि मोठ्यानं खुलासे करणं मला जमत नाही, हे तू जाणतोसच. जिना उतरलो, पुन्हा चढलो आणि म्हटलं, "आणली." बाई हसल्या नाहीत. त्यांनी लेकीलाच विचारलं, "बाळा, आई कुठंय गं तुझी?" लेक म्हणाली, "आई वारली." बाईंचे डोळे भरून आले. अर्जाला हिच्या मृत्यूचा दाखला जोडलेला होताच. नाव न वाचता त्यांनी संगणकात आईला मृत करून टाकलं. (त्या कार्यालयात इतकं झटपट काम मी पहिल्यांदाच पाहिलं.) मग मला म्हणाल्या, "फार वाईट झालं हो. तुम्ही कोण त्यांचे?"

म्हटलं, "मीच त्या."

मग साहेबांची खोली. बसलो, उठलो, खुर्ची बदलली, पुन्हा उठलो. साहेब म्हणाले, "मेलेल्या माणसाचं स्वतःचं म्हणणं धरता येत नाही. आईच्या माहेरचं, रक्ताचं कुणीतरी येऊन सांगायला हवं." तोवर लेकीला कागदावर ना आई, ना बाप. सोमवारपर्यंत कुणी आलं नाही, तर अनाथ मुलांच्या खात्याला कळवावं लागेल म्हणे. तेव्हापासून घरात येरझारा घालतोय. लेक म्हणते, "बाबा, बस ना रे, मला गरगरतंय."

तुझा,
धाकटा

ता. क. माझं माहेर म्हणजे तूच. सोमवारी येशील का? साहेबांसमोर "माझी बहीण जिवंत आहे" एवढंच म्हणायचंय. "माझी बहीण मेली" असं तू म्हणाला होतास, पण ते कुठे नोंदलं गेलं नव्हतं. आज नोंदलं गेलं, तेवढं खोडून जा. बहीण म्हटलेलं मी या खेपेला मुकाट्यानं ऐकून घेईन.

ता. क. दुसरा. लेक विचारते, येणारे ते मामा की काका? कागदाप्रमाणे मामा, घराप्रमाणे काका. म्हटलं, आधी येऊ तर देत.

ता. क. तिसरा. हिच्या नावाचं काम मात्र राहूनच गेलं. आणि हे लिहिता लिहिता दूध करपलं. लेक झोपलीय. पातेलं भिजत घातलंय, ते घासून टाकतो.