मुरवलेल्या पट्ट्या

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. वाचायला मी एकटा पुरे. बाकीच्यांची अक्कल मला ठाऊक आहे.
प्रश्न हिच्या खोकल्याचा. तीन आठवडे झाले. डोळेही चुरचुरतात. डॉक्टर म्हणाले, घरातल्या हवेत काहीतरी असेल, शोधा. शोधायचं आम्हीच, मग गळ्यात ती नळी कशाला? आठ-दहा दिवसांत थांबलं नाही तर ही बहिणीकडे राहायला जाणार म्हणते.
हिचा संशय माझ्या नव्या कपाटावर. हद्द झाली! चाळीस वर्षं सुतारकी केली, दुनियेची कपाटं केली, बायकोचं तेवढं राहून गेलं होतं. महिन्यापूर्वी झोपायच्या खोलीत बसून स्वतः बांधलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. सागवान नव्हे, भुसा दाबून केलेले बोर्ड आहेत, पण घरच्या माणसाला चालतं. वास येतो तो नवेपणाचा.

५ फेब्रुवारी
भाची आली. प्रयोगशाळेत नोकरीला आहे. दहा पट्ट्या आणल्या, प्रत्येक वेगळ्या सीलबंद पाकिटात. शिवाय जांभळ्या उजेडाची टॉर्च. पट्टीवर पांढरी भुकटी. म्हणे हा एक दगड आहे, स्पंजासारखा भोकाभोकांचा, आणि प्रत्येक भोकात चांदीचे चार-सहा अणू. टॉर्च मारली की चमकतात. हवा चांगली असेल तर हिरवे; रंग, सरस असल्या वस्तूंची वाफ भोकात शिरली की लाल.
म्हटलं, चार अणूंची चांदी? एवढी तर सोनाराच्या नखात अडकते. तर म्हणाली, मामा, अडकलेली असते म्हणूनच चमकते, गोळा झाली की विझते. म्हटलं, नातेवाइकांचंही तसंच. हसली नाही. शिकलेल्यांना विनोद कळत नाही.
जाताना दोनदा बजावून गेली, पाकीट फोडलं की लगेच वापरा. मला शिकवते.

६ फेब्रुवारी
दहाही पाकिटं फोडली. कुठलाही माल आणल्या आणल्या कामाला लावायचा नसतो. लाकूडसुद्धा ज्या घरात बसवायचं त्या घरात चार दिवस मुरू द्यावं लागतं, नाहीतर पुढे दार फुगतं. प्रयोगशाळेत हे कोण सांगणार? पट्ट्या नव्या कपाटाच्या वरच्या फळीवर ओळीने मांडल्या. धूळ नको म्हणून दार लावलं.
घसा जरा धरलाय. गार पाणी.

९ फेब्रुवारी
मोहीम सुरू. पहिला मान खालच्या लाँड्रीचा. पट्टी टेबलावर ठेवली, दहा मिनिटांनी टॉर्च मारली. लाल! लाँड्रीवाल्याला म्हटलं, तुझ्या औषधांपायी माझी बायको खोकून खोकून अर्धी झाली. तो म्हणाला, काका, ड्रायक्लीनिंग बंद करून दोन वर्षं झाली, आता नुसती इस्त्री. खोटारडा. इस्त्रीसुद्धा तापण्याऐवजी लाजली असेल.

१० फेब्रुवारी
वरचे हेडमास्तर. पट्टी लाल. म्हणाले, अहो, रंग दिल्याला पाच वर्षं झाली. म्हटलं, मग पुस्तकं असतील, न वाचता ठेवली की विष सोडतात. त्यांनी दार जरा जोरात लावलं. चोराच्या मनात चांदणं.

११ फेब्रुवारी
जिना लाल. बेकरी लाल. बागेत झाडाखाली, उघड्या वाऱ्यात, तिथेही लाल! अख्खं शहर सडलंय आणि दिसतंय ते मला एकट्याला. आयुक्तांना पत्र लिहायला घेतलं. मायन्यातच दोन पानं झाली.

१३ फेब्रुवारी
ही गेली बहिणीकडे. जाताना म्हणाली, अहो, बागेतही लाल येते, तर मग बागेत मला खोकला का येत नाही? वाद घालायला काहीही सुचतं हिला. कपाटातले कपडेही नेले नाहीत, वास मारतात म्हणे. बहिणीचे घालणार.
खुशाल जा म्हटलं. एकट्याने चहा पिण्यात वेगळीच मजा असते. करून प्यायलो. साखर सापडली नाही.

१५ फेब्रुवारी
फोन केला. मेहुणीने उचलला. म्हणाली, ताई झोपलीय, दोन दिवसांत एकदाही खोकली नाही. म्हटलं, हवापालट. ठेवला.
घर फार शांत. खोकतो तो मीच.

१६ फेब्रुवारी
भाचीला बोलावलं. म्हटलं, बघ तरी मामाचा शोध. लाल पट्ट्या पाहून तिने एकच विचारलं, मामा, या आधी ठेवल्या कुठे होत्या? सांगितलं. कपाळाला हात लावून खाली बसली.
पिशवीतून नवी पाकिटं काढली, जिथल्या तिथे फोडली. लाँड्रीत हिरवी. हेडमास्तरांकडे हिरवी. बागेत हिरवीगार. मग कपाटात ठेवली. चहा होईपर्यंत लाल. म्हणाली, बोर्डाच्या सरसातून वाफ महिनोन्‌महिने निघत राहते. तुमच्या पट्ट्या घरातून निघतानाच भरलेल्या होत्या.
म्हटलं, भुकटी कच्ची असेल. ती म्हणाली, कपाट मामीसाठीच केलंत ना? मग मामीसाठीच काढा.
आगाऊ आहे. आईवर गेलीय.

१७ फेब्रुवारी
कपाट काढायचं ठरवलं. पट्टीमुळे नव्हे. खोली मोठी दिसेल म्हणून.
दारातून निघेना. आतच बांधलं होतं. शेवटी करवत घेतली. आवाज ऐकून हेडमास्तर आले, फळ्या धरल्या. लाँड्रीवाल्याने एकेक तुकडा खाली नेला. दोघांनी झाल्या प्रकाराबद्दल चकार शब्द काढला नाही. माणसं इतकी कोत्या मनाची, की साधा टोमणा मारवत नाही त्यांना.
शेवटची फळी कापताना डोळ्यांतून पाणी आलं. भुसा.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ
तीन दिवस खिडक्या सताड उघड्या. भाचीने ठेवलेली नवी पट्टी हिरवी. माझाही घसा सुटला. कोमट पाणी प्यायला लागलो ना.
कपाटाच्या जागी भिंतीला सहा खुंट्या ठोकल्या. ही परत आली. खोलीत उभी राहून लांब श्वास घेतला. खोकली नाही. शाल खुंटीला अडकवली, ती घसरून खाली पडली. पुन्हा अडकवली, पुन्हा पडली. म्हटलं, भिंतच तिरकी आहे.
हिने माझ्या हत्यारांच्या पेटीतून भिंतीचा सरळपणा तपासायचा ओळंबा काढला, माझ्या हातात दिला आणि चहा टाकायला गेली.
लावून पाहिला, तर म्हणे भिंत सरळ. ओळंब्याचा दोरा जुना झालाय.