चोवीस घंटे पाणी नाही

बालाघाट,
बाईले जाऊन नववा दिवस

टिकारामभाऊजी यांच्या पायाशी,

तुमची साळी शेवंता हिचा वाकून नमस्कार. (वाकणं आता कागदावरच होते. मागच्या पोळ्यापासून कंबर ताठ झाली, तेव्हापासून गल्लीतली लोकं मले घमेंडी समजतात.) कागदाच्या डोक्यावर श्री लिहिला नाही, तुमच्या घरी सुतक आहे. "इकडे सर्व खुशाल" असं श्रुतिकानं मले न विचारता लिहून टाकलं होतं, ते मी खोडाले लावलं. श्रुतिका म्हणजे माही नात, सांगणारी मी अन् लिहिणारी ती. पोरगी हिंदी शाळेतली, तिच्या मराठीले नावं ठेवू नका. तुमची तब्येत कशी आहे? बीपीची गोळी सकाळची सकाळीच घेता का? बाई तुमच्या चहाच्या बशीत गोळी ठेवत होती हे मले ठाऊक आहे. आता कोण ठेवते? नसन कोणी ठेवत तर सुनेले सांगा. लाजू नका, लाजायचं वय होतं तेव्हा तुम्ही लाजले नाही.

तुमाले सिधं लिहिलेलं हे माहं पहिलं पत्र. आजवर जेवढी लिहवली तेवढी बाईले. तिले अक्षर येत नव्हतं, मले येत नाही. आमच्या बापानं दोघी पोरींचा सारखाच न्याय केला. मी इथं कोणाले तरी पकडून सांगायची, अन् तिथं तुम्ही ओसरीवर चष्मा लावून तिले वाचून दाखवायचे. चवथी पास म्हणून केवढा तो तुमचा मान! पण भाऊजी, मी तुमची जी बुराई लिहवत होती ती तुम्ही गाळून पुढं जात होते, हे बाईले ठाऊक होतं. ती मले भेटली की सांगे, "वाचता वाचता हे खाकरले की मी समजते, इथं यांच्याबद्दल काहीतरी आहे." या पत्रात खाकरायची सोय नाही, कारण ऐकणारी नाही.

फोन काहून नाही केला म्हणान. एक तर तुमाले कमी ऐकू येते, अन् ही गोष्ट ओरडून सांगायची नाही. दुसरं म्हणजे तुमच्या अंकितनं मले तुमचा निरोप सांगतला. पोरगं बिचारं अडखळत सांगत होतं. म्हणे, आजोबा म्हणतात शेवंता सख्ख्या बहिणीच्या मातीले आली नाही, आता तिनं तेरवीलेही येऊ नये. तुमचा राग खरा आहे, मी तुमच्या जागी असती तर याच्याहून वाईट बोलली असती. पण मी काहून नाही आली ते एकदा वाचा, मंग दार लावा.

चंद्रशेखरनं हे घर बांधलं त्याले आठ वरसं झाली. आजकालच्या घरात सिंक जिथं ओट्याले भेटते, बेसिन जिथं भिंतीले भेटते, तिथल्या फटीत पांढरं रबरासारखं भरतात, त्याले सिलिकॉन म्हणतात. ते आमच्या घरचं काळं पडलं अन् जागोजागी उकललं. भांडे घासले की पाणी फटीतून खालच्या कपाटात, अन् कपाटात तांदळाचा डबा. बाथरूमचं बेसिन तर असं ढिलं झालं की कोणी चूळ भरली की ते मान हलवे, जसं काही तुमच्यासारखं, न ऐकता हौ हौ म्हणून राह्यलं. मी सहा महिने सांगून राह्यली होती. पण म्हातारीचं सांगणं म्हणजे रेडिओ, चालू असला तरी कोण ऐकते. शेवटी तांदळाले बुरशी आली तेव्हा मंजूच्या डोळ्यात पाणी आलं. (ही माही सून. तिले माह्यावर नाही पण तांदळावर लय माया.)

तिनं प्रेमलाल मिस्तरीले बलावलं. आदल्या दिवशी मले सांगते, आई, उद्या मिस्तरी गन घेऊन येतील. मी म्हणलं, एका सिंकसाठी बंदूक? सकाळी पाह्यलं तर चकलीच्या सोऱ्याचा मोठा भाऊ निघाला, घोडा दाबला की तोंडातून पांढरी शेव निघते. वास असा की आंबलेलं ताक कोणी उन्हात विसरलं. पण त्याच्या आधी जुनं काढायचं होतं. प्रेमलाल ब्लेडनं कड सोडवे अन् मी ओढे. भाऊजी, काय सांगू, एक पट्टा तर हातभर लांब, न तुटता निघाला! म्हातारपणी असं सुख कोणी देत नाही. त्या फटीतून आठ वरसांचं सामान निघालं: मुगाचे दाणे, एक टिकली, अन् मंजूच्या नथीचा मोती, ज्याच्यासाठी आम्ही एका कामवालीवर शक घेतला होता. (हे लिहू नको म्हणून मंजू आतून सांगून राह्यली. लिही तू.)

मंग नवीन भरणं सुरू झालं. प्रेमलाल शेव पाडे अन् साबणाच्या पाण्यात बोट बुडवून त्याच्यावरून फिरवे. पण कसं? वीतभर जाये, थांबे, मोबाईल पाहे, पुन्हा वीतभर. अन् थांबला तिथं गाठ. मले पाहवेना. तुमाले आठवते का, आमच्या माहेरी धान साठवाची मोठी ढोली होती? धान भरून झालं की तिचं तोंड शेणामातीनं लिपायचं काम बाईचं. मी सहा वरसाची, ती अकराची. ती मले हात धरून शिकवे: एकच बोट, एकाच दमात, गोल जिथून निघालं तिथं पोचेपर्यंत थांबायचं नाही, थांबली की जोड राहते, अन् जोड राह्यली की सोंडे किडे तिथूनच आत घुसतात. मी अर्ध्यात दम सोडे अन् ती पाठीत धपाटा घाले. तिच्या हातच्या ढोलीत कधी सोंडा नाही घुसला.

तर मी प्रेमलालले म्हणलं, सरक बाबू, सिंकचं मी करते. तो हसला, पण सरकला. मी पदर खोचला, दम घेतला, बोट टेकवलं अन् निघाली. लंबी बाजू झाली, कोपरा झाला, मागची बाजू झाली. बोट असं चालत होतं की प्रेमलालनं मोबाईल खिशात ठेवला. तेवढ्यात मंजूचा फोन वाजला. तिचं तोंड उतरलेलं मले दिसलं, पण बोट मी थांबवलं नाही. शेवटचा चार बोटांचा तुकडा राह्यला होता. मंग ती म्हणाली, आई, अंकितचा फोन आहे, सत्यभामामावशी सकाळी गेल्या. माती चार वाजता आहे.

तिथं बोट थांबलं.

आता तुम्हीच पाहा भाऊजी. कोपरापर्यंत हात पांढरे, कपाळावरचे केस मागे सारले तर केसाले चिकट, लुगड्याले चिकट. जवसाचं तेल लावलं तर ते आणखी पसरलं. अन् प्रेमलाल निघता निघता सांगून गेला, चोवीस घंटे कुठंच पाणी लावायचं नाही, सिंकमध्ये नाही, बेसिनमध्ये नाही, बाथरूमच्या कोपऱ्यातही भरलं आहे म्हणून तिथं नाही. अशा अवतारात मी बहिणीच्या मातीले कशी येऊ? लोकांनी म्हणलं असतं, म्हातारी भिंतीची पुताई करता करता आली. बरं, येणं झालं नाही तर खबर ऐकल्याबरोबर डोक्यावरून आंघोळ तरी करावी. आपल्यात लग्न होऊन गेलेल्या बहिणीचं सुतक तेवढंच, एका आंघोळीचं. सत्तर वरसांची संगत अन् सुतक एका बालटीचं! ज्यानं हा हिशेब लावला त्याले बहीण नसन. पण ती एक बालटीही मले नशीब नाही झाली, कारण घरात पाणी लावायचं नाही. ना मी आली, ना मी न्हाली. रातभर तशीच पांढऱ्या हातानं बसून राह्यली. चंद्रशेखरनं दाढी बाटलीच्या पाण्यानं केली, मंजूनं वाटीभर पाण्यात भांडे पुसले, अन् सिंक मधात असं ऐटीत कोरडं बसलं होतं जसा लग्नातला नवरदेव.

तर हे असं झालं. दोष कोणाचा असन तर सिलिकॉनचा. तुम्ही समजदार आहात, चवथी पास आहात. पत्र वाचून राग सोडा, तेरवीले येऊ द्या.

तुमची साळी,
शेवंता
(डाव्या अंगठ्याची निशाणी. नीट उठली नाही, अंगठ्याच्या रेघांत अजून ते पांढरं आहे.)

ता. क. श्रुतिकानं पत्र घडी केलतं, ते पुन्हा उघडाले लावलं. ती लिहिता लिहिता माह्या तोंडाकडे असं पाहून राह्यली होती की मले सांगणं भाग आहे. भाऊजी, वरचं सगळं झालं तसंच झालं, पण कारण ते नाही. गल्लीतल्या हँडपंपाले भरपूर पाणी होतं. शेजारची गीता दोनदा बलावाले आली, मावशी माह्या घरी या, पाणी तापवून ठेवलं आहे. चंद्रशेखर गाडी सुरू करून दारात उभा होता, म्हणे आई जशी आहेस तशी बस, चारच्या आत पोचवतो. अन् दुसरं काही नसतं तर वैनगंगा नदी कुठं गेली होती? मीच म्हणलं, नाही, मिस्तरीनं चोवीस घंटे सांगतलं आहे. काहून म्हणलं ते ऐका. जोवर डोक्यावरून पाणी घेतलं नाही, तोवर मी ती खबर घेतलीच नाही. तिथं तुम्ही चार वाजता तिले माती दिली, पण माह्या घरी ती होती. प्रेमलालनं चोवीस घंटे म्हणलं, तर मले वाटलं, चला, चोवीस घंटे भेटले.

ता. क. दुसरं. चोवीस घंटे कधीचे सरले, आज नववा दिवस. मी रोज आंग धुते, पण गळ्याच्या खालून. डोक्यावर पाणी घेतलं नाही. मंजूले समजते, ती नुसती खिडकी उघडते. सिंक गळून राह्यलं आहे. लय नाही, थेंब थेंब, जिथं फोन आला तेवढ्याच चार बोटांतून. प्रेमलाल म्हणे माजी, तो तुकडा कापून पुन्हा भरतो. मी म्हणलं, हात लावशील तर पाहा. खाली वाटी ठेवली आहे.

ता. क. तिसरं, अन् खरं काम हेच. मले तेरवीच्या जेवणाले नका बलावू, तिथं लय लोक राहतील. हे पत्र उद्या चंद्रशेखरच्या हाती पाठवते अन् मी परवाच येते, अंकितले स्टँडवर पाठवा. बाई ज्या दगडावर बसून न्हात होती तो तिथंच असन. त्याच्याजवळ तिची पितळी बालटी भरून ठेवा, बस. तापवू नका, ती थंड्याच पाण्यानं न्हाये. ओतून घेईन मी माहं मी. तुम्ही तिकडे तोंड करून बसा, काही बोलू नका, खाकरलं तरी चालेल.

पण मी येऊन न्हाण्याच्या आधी हे पत्र तिले एकदा वाचून दाखवा. ओसरीवर बसून, चष्मा लावून, मोठ्यानं, जसे नेहमी वाचत होते. बशीतल्या गोळीचं अन् हौ हौ म्हणाचं गाळू नका. अन् सिलिकॉन तिले समजणार नाही भाऊजी, तिथं लिपण म्हणा.