ढोलकी एकच आहे

बोईसर, गुरुवार, संध्याकाळ

हॉलच्या सचिवांचा फोन आला. म्हणे, "मॅडम, रविवारच्या कार्यक्रमात तुम्ही आणि नसीमबाई वेगवेगळ्या गा. तिकडे युद्ध पेटलंय, इथे उगाच कुणी काही बोलायला नको." तिकडे! मी ज्यू आणि ती मुसलमान, पण तिकडचा देश दोघींपैकी एकीनंही पाहिलेला नाही. बोईसरात मात्र आमची भिंत एक आहे.

आणि गाणंही एकच आहे. पैगंबरानं काठी उगारली, समुद्र दुभंगला आणि वाट झाली, त्याचं. माझ्या कडव्यांत मोशे, तिच्या कडव्यांत मूसा. माणूस तोच, काठीही तीच. सातपाटीत गायलो तेव्हा कोळणींनी आम्हाला पुन्हा गायला लावलं. कोण कुठली, हे एकीनंही विचारलं नाही.

मी सचिवांना "बरं" म्हणून फोन ठेवला. का म्हटलं बरं? स्वतःचाच संताप आला. तशीच नसीमकडे गेले. ती बोंबील साफ करत होती. हात न थांबवता म्हणाली, "ढोलकी एकच हाय. ती बी कापायची का?"

ढोलकी तिच्या आईची. वाजवते नसीमच, मला कधी जमली नाही.

पण आता ठरलं. वेगळ्या तर वेगळ्या! आधी मी गाईन, ढोलकी ती वाजवेल. मग ती गाईल आणि ढोलकी माझ्या मांडीवर. दोन्ही वेळा स्टेजवर दोघी. मग सचिवांनी काय ते बोलावं.

उद्या दुपारी तिचा नमाज, सांजेपासून शनिवार मावळेपर्यंत माझा शब्बाथ, तेव्हा वाद्याला हात लावायचा नाही. म्हणून आजच शिकायला बसले. ताल चुकतोय, बोटं सुजलीत.

सुजू देत.