वेशीचा मान

१९ जाने. ९८, सोम.
पेठ वडगावला बिस्किटांच्या ऑर्डरी घ्यायला गेलतो. घेतल्या नाहीत. स्टँडवर बसून भुताची कादंबरी संपवली. विहिरीतलं भूत, पण लेखक ते दाखवतच नाही, नुसता पोहऱ्याचा आवाज. असं जमलं पाहिजे. येताना लायब्ररीत बदलून दोन आणली, एक गुप्तहेराची, एक ऐतिहासिक. साहेबांना उद्या काय सांगायचं ते उद्या.

२ फेब्रु.
साप्ताहिकाच्या मालकांनी बोलावलं. माझ्या दोन भूतकथा त्यांनीच छापल्यात. म्हणाले, "भुतं लई झाली. आता किल्ला आण. फितुरी आण. लोक फितूर कोण ते हुडकत वाचतात." दर शनिवारी एक भाग, बारा भाग. खोली राजारामपुरीत, आणि मी विचार करत करत चालत रंकाळ्यावर.

५ फेब्रु.
किल्ला ठरला. दत्त्याच्या गावचा, मलकापूरच्या पुढं. (एकाच खोलीत राहतो आम्ही. तो मोटार वाइंडिंगच्या दुकानात.) गेल्या चैत्रात त्याच्या जत्रेला गेलतो. गाव गडाच्या आतच, वेस म्हणजे गडाचाच दरवाजा. पालखी वेशीपाशी येते तेव्हा दार बंद. शेळवण्यांच्या थोरल्यानं अडसर काढल्याशिवाय देव गावात येत नाही. म्हणजे दत्त्याचे वडील, आबा. तुमच्याकडंच का हा मान, असं विचारलंवतं. "पिढ्यान्‌पिढ्या हाय. का ते कुणी इचारलं न्हाय."
आज आंघोळ करताना कारण सापडलं. ह्याच घरातल्या एकानं कधीकाळी गनिमाला दार उघडलं. म्हणून शिक्षा: वंशानं दरवर्षी देवासाठी उघडायचं. मान नाहीच तो. अंगावर काटा. माझाच मला.
फितुराला नाव सुचेना. दत्त्या समोर भाकरी खात होता. म्हटलं, तुमचंच आडनाव टाकतो. "टाक की. आमच्या गावात कोण वाचतंय."

१४ मार्च, शनि.
पाचवा भाग आला. फितूर दार उघडतो तोच हा. 'अडसर निघताना आवाज झाला नाही, खाचेत तेल होतं.' हे वाक्य माझं आजवरचं चांगलं. खाच खरी आहे, आबांनी दाखवलीवती. लायब्ररीतल्या काकू पुस्तकावर तारीख टाकता टाकता, "मेल्याला मारणार ना शेवटी?" सांगितलं नाही. दिवसभर हवेत. एकही ऑर्डर नाही.

२३ मार्च
दत्त्या गावाहून आला. जेवताना बोलला. वरच्या आळीतल्या शंकरतात्यानं पाचवा भाग कापून देवळाच्या भिंतीला चिकटवलाय. त्यांचा डोळा मानावर जुनाच. 'आता कळलं का ह्यांच्याकडं दार ते', असं म्हणत फिरतोय. आबा पारावर गेले तर पोरं म्हणाली, "आबा, आमचं बी दार उघडून द्या." रविवारी बैठक आहे, मान काढून घ्यायची.
मी म्हटलं, मी येतो, सांगतो खोटं आहे म्हणून. दत्त्या: "येच."

२९ मार्च, रवि.
देवळात शंभरेक माणूस. उभं राहून सांगितलं, सगळं मी मनानं लिहिलंय, कुठंही आधार नाही. मग शंकरतात्या, अगदी गोडीत:
"पावणं, तुमच्या गोष्टीतली चोरदिंडी हाय का न्हाय गडाला?"
"हाय."
"दाराची खाच?"
"हाय."
"आडनाव?"
मी दत्त्याकडं बघितलं.
"म्हंजे मागचं खरं, फुडचं खरं, आनि मधलंच तेवढं खोटं व्हय?"
हसले सगळे. मागून कुणीतरी, "कागुद न्हाय फिरला, मानूस फिरला. शेळवण्यांच्यात जेवतोय की त्यो."
जेवलो होतो. दुपारीच. आबा खांबाला टेकून, टोपी मांडीवर.
ठरलं: यंदा अडसर वरच्या आळीनं काढायचा.

३१ मार्च
मालकांकडे. म्हटलं, खुलासा छापा. "खाली 'सर्व पात्रे काल्पनिक' असतंय की." म्हटलं, मुंगीएवढ्या अक्षरात. "मग गावाला भिंग दे." नंतर जरा मवाळ होऊन: "असं कर. शेवटी खरा फितूर दुसराच निघू दे. वरच्या आळीतला."
खोलीवर येऊन लिहिलाच तो भाग. काय जमला होता. दत्त्यानं वाचला. "म्हंजे आता हे शंकरतात्याच्या नातवंडांच्या गळ्यात. चांगलं हाय." पानं त्यानं फाडली नाहीत, माझ्या हातात दिली. मी फाडली.
पण पुढचे भाग देतोच आहे. दर बुधवारी. थांबता येत नाही, लिहिताना मजाही येते. हे इथं तरी लिहून ठेवतो.

११ एप्रि., शनि. जत्रा
गेलो. दत्त्या ये म्हणाला नव्हता, नको पण नाही. आबा सोप्यात बसलेले, अंगात घरचाच सदरा. पालखी वेशीपाशी आली, हलगी थांबली. शंकरतात्याचा थोरला पुढं झाला. अडसर निघेना. डावीकडं उचलून मग ओढायचा असतो म्हणे, ते फक्त आबांच्या हाताला माहीत. चौघं लागले. पालखी भर उन्हात, भोई खांदे बदलतायत.
शेवटी त्यातले दोघं आबांच्या घरी गेले, मी मागोमाग. एक मान खाली घालून, "आबा, तेवढं काढून द्या चला. झालं गेलं..."
आबा: "फितुराच्या हातनं कशाला."
रागानं नाही. खरं वाटून म्हणाले. मला ते तिथंच कळलं, पण...
करवत आणली. अडसर कापला. देव गावात आला. गुलाल कमीच.
दत्त्या परत येताना एसटीत माझ्या शेजारी बसला नाही.

२६ एप्रि., रवि.
दुपारी दारात आबा. एकटेच, मलकापूरहून उभ्यानं आलेले. दत्त्या दुकानाच्या कामाला बाहेर. पाणी दिलं. बराच वेळ माझ्या पुस्तकांच्या ढिगाकडं बघत होते.
"एवढी वाचतोस. कुठंतरी वाचलं आसशील बग."
"नाही आबा. मनानं लिहिलं."
"मग तुला कसं गावलं? आमच्या बापजाद्याला न गावल्यालं?"
काय सांगू. आंघोळ करताना?
"माझा आजा अडसर काढताना डोळं मिटायचा. बा मिटायचा. मी बी मिटतो. मला वाटायचं, देवाला हात जोडाय मोकळं न्हाईत म्हनून. ते न्हवंच की. लाज हुती ती."
म्हटलं, आबा, शपथ घेतो, देवाची घेतो, असा माणूस नव्हताच. त्यांनी मान हलवली, लहान पोराची समजूत काढल्यासारखी.
आणि खरं लिहायचं तर, शपथ म्हणताना माझीच जीभ जड झाली. किल्ल्यांच्या तीस-चाळीस कादंबऱ्या तरी वाचल्यात, निम्म्यांची नावंही आठवत नाहीत. कुठल्या तरी पानावर... नाही. नसेल.
मग त्यांनी विचारलं ते:
"शेवटचा भाग येत्या शनिवारी न्हवं? त्येच्या पोराबाळांचं काय केलंस? गावात ऱ्हाऊ देत्यात का त्यास्नी?"
म्हटलं, अजून लिहिला नाही.
"बरं," म्हणाले, आणि दत्त्याच्या अंथरुणावर आडवे झाले. झोपलेत की नाही कळत नाही, डोळे मिटलेले आहेत. मी कागद घेऊन बसलोय. वर फक्त 'भाग बारावा'.